टायरचे वयही पाहा

महोदय,

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. मात्र तेथे निघण्यापूर्वी आपण टाकीतले इंधन पाहतो, टायर पाहत नाही. माझी गाडी फारशी चालत नसल्याने, नक्षी शाबूत असलेले टायर मी निर्धास्तपणे वापरत होतो. गेल्या महिन्यात पंक्चरवाल्याने टायरच्या बाजूची धूळ अंगठ्याने पुसून ‘२३१६’ हे आकडे दाखवले, म्हणजे टायर बनला तो २०१६ सालचा तेविसावा आठवडा! शेजारीच केसासारख्या बारीक भेगा होत्या. गाडी उभी असली तरी उन्हाने व हवेने रबर कडक होत जाते, हे इतक्या उशिरा कळल्याची खंत वाटते. टोलनाक्यांवर टायरमधील हवा आणि हे चार आकडे मोफत तपासण्याची सोय शासनाने करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक