तुझी वहिनी स्कॉटलंडमध्ये गाडी चालवणार आहे

प्रिय बंड्या,

काल रात्री गाडी बुक झाली, आणि मेन ड्रायव्हर म्हणून नाव लागलंय तुझ्या वहिनीचं. फोनवर सांगितलं असतं तर तू हसत सुटला असतास आणि माझं म्हणणं तसंच राहिलं असतं, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मधेच फोन करू नकोस.

झालं असं की भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट क्रेडिट कार्डावर ब्लॉक करतात आणि ते कार्ड मेन ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. आमच्या घरात क्रेडिट कार्ड कुणाचं हे तुला माहितेय. मी म्हटलं ठीक आहे, नाव तुझं टाकू, मला अॅडिशनल ड्रायव्हर करू, त्याचे रोजचे वेगळे पैसे पडतात ते भरू, आणि चालवीन मी. तर म्हणते, नाव माझं तर चालवणार मी. मोठ्या रस्त्यावर तू घे हवी तर, पण स्काय बेटावर गाडी माझ्या हातात. आणि वर काय, "भाऊजींनी शिकवलंय मला". झालं, विषय संपला तिच्या बाजूने. म्हणजे यात तू आहेस बंड्या, लांबून मजा बघता येणार नाही.

ती वाईट चालवते असं माझं अजिबात म्हणणं नाही. रोज ऑफिसला गर्दीतून नेते, गाडीला साधा ओरखडा नाही. पण ती कधीही, कुठेही, रिव्हर्स घ्यायची वेळ येऊ देत नाही, हे तूही पाहिलंयस. लांब गाडी लावेल, चालत येईल, पण मागे घेणार नाही. आणि स्कायवरचे निम्मे रस्ते असे आहेत की दोन्ही दिशांना मिळून लेन एकच. सिंगल ट्रॅक म्हणतात त्याला. मधे मधे थोडी फुगवलेली जागा असते, पांढरी पाटी असते, पासिंग प्लेस. समोरून गाडी आली की जिच्या जवळ ती जागा आहे तिने थांबायचं. जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर मात्र आत जायचं नाही, तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याने त्या जागेतून वळसा घालून जायचं. चढावर येणाऱ्याला शक्य तिथे आधी सोडायचं. मागे कुणी घाईत असेल तर त्यालाही तिथेच पुढे जाऊ द्यायचं, आणि फोटोसाठी त्या जागेत गाडी लावायची नाही म्हणजे नाही. हे सगळं ठीक. पण दोन गाड्या दोन जागांच्या बरोब्बर मधे समोरासमोर आल्या की एकाला रिव्हर्स घ्यावाच लागतो, एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला मेंढ्या, आणि मागे अजून दोन गाड्या येऊन उभ्या. मला रात्री झोप लागत नाही ती ह्या चित्रामुळे. परदेश, विमान, व्हिसा, कशाचं काही वाटत नाही मला, फक्त हेच.

तिला हे बोललो नाहीये. बोललो तर ती चालवेल पण घाबरून चालवेल, ते जास्त वाईट.

बाकी तयारी बरी चाललीये. लायसन्सचं कळलं, आपलं लायसन्स इंग्रजीत असलं की पर्यटक म्हणून १२ महिन्यांपर्यंत ब्रिटनमध्ये त्यावर चालवता येतं, तरी गाडी देणारे कधीकधी इंटरनॅशनल परमिट मागतात म्हणून आरटीओतून ते दोघांचंही काढलंय, ते वर्षभर चालतं. गाडी ऑटोमॅटिकच मागितली, तिथे मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर मॅन्युअल हातात ठेवतात. रस्ता डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, हे आपल्यासारखंच, पहिल्या परदेशवारीला स्कॉटलंड निवडायचं खरं कारण हेच होतं, डोंगर-तळी नंतर. पण एक गोष्ट कुणीच सांगत नाही. तिकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर डाव्या हाताला असतो आणि वायपर उजव्या, आमच्या गाडीच्या बरोबर उलट! म्हणजे पहिले दोन दिवस वळायचं म्हटलं की वायपर सुरू होणार. आणि पंपावर हिरवं नोझल पेट्रोलचं, काळं डिझेलचं, हे मी तिच्या फोनमध्ये फोटोसकट टाकून ठेवलंय.

इन्शुरन्सवर मी दोन संध्याकाळी घालवल्या. गाडीच्या भाड्यात विमा असतोच, पण नुकसान झालं तर पहिली एक मोठी रक्कम आपण भरायची, तिला एक्सेस म्हणतात, आणि टायर, काच, गाडीचं पोट हे बऱ्याचदा त्यातही धरत नाहीत. सिंगल ट्रॅकवर नेमकं टायर आणि पोटच लागणार ना दगडाला! म्हणून एक्सेसचा वेगळा विमा आधीच घेतला, काउंटरवर शेवटच्या क्षणी दाबून विकतात तो महाग पडतो. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा, चाकांचे रिम धरून. हे काम माझं.

आता प्लॅन. तू भांडणार आहेस म्हणून आधीच सांगतो, बदल होणार नाही.

एडिंबरोला उतरून दोन रात्री तिथे, गाडीविना. रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाने त्याच दिवशी अनोळखी गाडी हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि जुन्या शहरात पार्किंगच्या नादी कोण लागणार. मग ट्रेनने इन्व्हर्नेस, साडेतीन तास. ती लाईन ड्रमॉख्टर खिंडीत ४५२ मीटरवर चढते, ब्रिटनच्या मेन लाईनवर याहून उंच जागा नाही, म्हणजे डोंगर खिडकीतून दोघांनाही बघायला मिळतील, एकाला रस्ता बघत बसायला नको. गाडी इन्व्हर्नेसला घ्यायची आणि तिथेच परत द्यायची. मोटरवे नाही, मोठ्या शहराची गर्दी नाही. शहराबाहेर पडेपर्यंत राउंडअबाउट आहेत, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम, आणि तिथे तो खरोखर पाळतात, हे तिला नवीन आहे. मग लॉख नेस तळ्याच्या काठाने अर्कर्ट किल्ला, ग्लेन शीलची दरी, डॉर्नीला तो पाण्यातला आयलन डोनन किल्ला, आणि पुलावरून स्काय. नकाशा म्हणतो पावणेतीन तास, मी पूर्ण दिवस धरलाय. लॉख नेसचा तुकडा झाडीतला, वळणाचा, आणि समोरून बस येतात, तो मी चालवणार, हे तिने मान्य केलंय.

स्कायला सगळ्या रात्री पोर्ट्री गावातच, एकाच खोलीत. रोज बेटाची एकच बाजू. एक दिवस ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका आणि क्विरँगचे कडे, एक दिवस डनव्हेगनचा किल्ला आणि नीस्ट पॉइंटचा दीपस्तंभ, एक दिवस फेअरी पूल्सचे डोह. बस. पुतण्याने नॉर्थ कोस्ट ५०० चा नकाशा पाठवला, उत्तर किनाऱ्याने गाडीने करायचा ५१६ मैलांचा फेरा, म्हणतो काका आठवड्यात आरामात होतो. होतो रे, पण मग गाडीतच बसून होतो. वहिनीच्या बहिणीला अॅपलक्रॉसचा घाट हवाय, बेलख ना बा, ६२६ मीटर, सिंगल ट्रॅक आणि वर हेअरपिन, खाली पाटीच लावलीये की नवशिक्यांनी येऊ नये. तिने व्हिडिओ पाठवला आणि खाली तीन हार्ट. मी सरळ नाही म्हटलं.

आणि तू काय म्हणणार तेही माहितेय मला. "एवढं लांब जाताय तर तो घाट कराच." तुझा "अजून एक घाट" मला त्या जीपच्या ट्रिपपासून पाठ आहे. धुक्यात रात्री साडेअकराला तुझा शॉर्टकट, अण्णा मागे डब्याला मिठी मारून बसलेला, आणि तू म्हणतोस, उजेडात इथे काय मजा! दोन दिवस बोललो नव्हतो आपण. सकाळी चहाच्या टपरीवर तू अण्णामार्फत माझ्याकडे साखर मागितलीस, ते आठवलं की अजून हसू येतं. पण भांडणात बरोबर मी होतो, आणि आजही तेच म्हणतो. गाडीच्या सुट्टीत अंतर जितकं कमी तितकी सुट्टी जास्त. गाडी कशासाठी घ्यायची? तर वाटेत थांबता यावं म्हणून. मेअखेरीला तिकडे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, तेवढा उजेड आहे म्हणून तेवढं चालवायचं असं कुणी सांगितलं?

त्यावरून दुसरं भांडण आठवलं, ते जास्त महत्त्वाचं आहे. तू तिला मैदानावर शिकवत होतास तेव्हा पहिल्याच दिवशी मला गाडीतून उतरवलंस. "हा शेजारी बसला की वहिनी ह्याच्याकडे बघतात, रस्त्याकडे नाही." किती राग आला होता मला. मी बाकावर बसून तुमच्या फेऱ्या बघितल्या, आणि तिला तुझ्याबरोबर हसताना बघून बरंही वाटलं, तिने त्याआधी दोन क्लास सोडले होते, तुला माहितेय का सोडले ते. तुझा आवाज चढत नाही, हेच सगळं आहे बंड्या. पण शेजारचा माणूस नुसता त्रासच देतो हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही नाही. त्याला काम दिलं तर तो उपयोगाचा आहे. तिकडे डावीकडच्या सीटवरून रस्त्याची कड मला तिच्यापेक्षा चांगली दिसणार, चर किती जवळ, दगड आहे का, पुढची पांढरी पाटी कुठे, हे मी सांगायचं. "पुढे जागा डावीकडे." "पुढे जागा उजवीकडे, इथेच थांब." एवढंच, बाकी तोंड बंद. फोनला रेंज नसते म्हणून नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवतोय, म्हणजे तिला स्क्रीनकडे बघायलाच नको. पाट्यांचं एक तिला समजावून झालंय, पांढऱ्या गोलावर काळी तिरपी पट्टी म्हणजे लिमिट संपलं असं वाटतं, पण त्याचा अर्थ नेहमीच्या रस्त्यावर ६० मैल, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर, आणि ते सिंगल ट्रॅकवरही कागदावर लागू असतं. तेवढ्याने जायचं म्हणून नव्हे. आपण ३० ने जायचं, मागच्याला सोडत सोडत.

हो, आणि स्कायवरच कार्बोस्टला टॅलिस्कर व्हिस्कीची डिस्टिलरी आहे, १८३० पासूनची. तुझ्या तोंडाला पाणी सुटलं असेल. स्कॉटलंडची दारूची मर्यादा इंग्लंडहून कमी आहे, २०१४ च्या डिसेंबरपासून १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडात ८०. आम्ही शून्यच धरलंय. चालवणाऱ्यांना काही ठिकाणी घोटभर बाटलीत भरून देतात, रात्री खोलीवर घ्यायला. ती बाटली तिची असेल, तिने ठरवलंच तर तुझ्यासाठी आणेल.

माझा गुडघा ठीक, बीपी गोळीने धरून आहे. तुझ्याकडे कसं? मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं म्हणे, चष्म्याचा नंबर आला की कळव. चिनूला प्रोजेक्टसाठी शुभेच्छा, तिला म्हणावं काका फोन करेल. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी उरकून घे, ह्या वर्षी तरी.

आता मुद्दा. तू ये. पुढच्या दोन रविवारांपैकी कुठलाही. मैदान आहेच. खडूने एकाच गाडीच्या रुंदीचा रस्ता आखू, एका बाजूला पासिंग प्लेस, आणि तू समोरून तुझी गाडी घेऊन ये, दर वेळी चुकीच्या ठिकाणी. तिला मागे घ्यायला लाव. वीसदा लाव. सरळ रिव्हर्स, वळणात रिव्हर्स, आरशात बघून, मान वळवून. मी आखणी करून बाकावर बसेन, वचन. आणि दुपारनंतर तासभर मला तिच्या शेजारी बसू दे, पाटीवाल्याचं काम मलाही शिकायचंय, ते तिघांनी मिळूनच जमेल.

मी सांगितलं म्हणून येतोयस असं नको. तिला फोन कर आणि विचार, वहिनी, रिव्हर्सची उजळणी करायची का जायच्या आधी? तुला ती हो म्हणेल. मला म्हणाली असती, "माझ्यावर विश्वास नाही का?" आणि विश्वास आहे रे, पूर्ण आहे, म्हणून तर नाव तिचं घालायला मी हो म्हटलं. पण विश्वासाने चर बुजत नाही.

फोन आज नको, उद्या संध्याकाळी कर, ती सातनंतर मोकळी असते.

तुझा,
पक्या

ता. क. तुझ्या ओळखीत कुणाकडे डावीकडे इंडिकेटर असलेली ऑटोमॅटिक गाडी आहे का? तासाभरासाठी माग. पेट्रोल मी भरतो.