जीपचा निकाल लावण्याआधी

मिल्ड्युरा, ऑस्ट्रेलिया, 10 मे

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही आणि दादा एकदमच बोलत होतात, म्हणून मी गप्प बसलो. तुमच्याकडे संध्याकाळचे सात, इथे रात्रीचे साडेअकरा. आई मधेच "अरे, त्याला झोपू द्या" म्हणाली, तेवढंच काय ते नीट ऐकू आलं. म्हणून आज पत्र. पत्रात मधे कुणी बोलत नाही.

दादाचं म्हणणं मला पटलं. ऑगस्टात जीपच्या पासिंगची मुदत संपतेय. वीस वर्षांवरच्या चारचाकीची नोंदणी पुन्हा करायची फी 2025 च्या ऑगस्टपासून 5,000 ची 10,000 झाली, शिवाय पर्यावरण कर, शिवाय मिस्त्रींनी इंजिनाचे सांगितलेले 70,000. त्यापेक्षा बोलेरो घेऊ, इथेच नाशकात तर बनते, असं तो म्हणतो. तुमचंही पटलं. 1996 ला थॉम्सन द्राक्षांच्या पहिल्या मालाच्या पैशातून आलेली ही एमएम 540 जीप तुमच्या हातून भंगारात जायची नाही, हे मी दादाला तुमच्याआधी सांगितलं असतं. पण तुम्ही दोघं भांडताय ते इंजिनावरून, आणि मला इंजिनाची काळजीच नाही.

ऑइलचं झाकण उघडलं की भक्‌भक् धूर येतो, निळा धूर मागे राहतो, थंडीत हीटर लावूनही ढकलावी लागते. म्हणजे रिंगा आणि लायनर गेले. पिजोचं 2112 सीसीचं इंजिन आहे ते, आपल्याकडच्या मिस्त्रींनी डोळे मिटून उघडावं असं. रिबोर होईल, क्रँक ग्राइंड होईल, बेअरिंगं बदलतील. नाशकात शिंगाडा तलावाकडच्या पार्टच्या दुकानांत एखादा पार्ट मिळाला नाही तर मिस्त्री कुठून तरी जुनी गाडी शोधून त्यातला काढून आणतील. ते आजवर कधी अडलेले मी पाहिले नाहीत.

माझ्या गाडीचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण लाज वाटत होती. इथे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला 'यूट' म्हणतात. मी जुनी डिझेल यूट घेतली होती, बागेतून वाळलेल्या द्राक्षांची ट्रेलर ओढायला. (इथले लोक थॉम्सनला सुलताना म्हणतात. घड तोच, नाव वेगळं. पहिल्या दिवशी ओळखीचा घड पाहून मला एकदम घरी आल्यासारखं झालं होतं.) गिअरबॉक्स खरखरायला लागला तेव्हा एका वर्कशॉपने 3,800 डॉलर घेऊन तो नवा करून दिला. दोन महिन्यांनी दुसऱ्याने गाडी लिफ्टवर चढवली, ट्रेलरच्या हुकाजवळ चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, स्क्रूड्रायव्हर टोचला, आणि तो आरपार गेला. आधीचा मालक समुद्राकाठचा. बोट पाण्यात सोडताना गाडीचा मागचा भाग रोज खाऱ्या पाण्यात बुडवायचा. मी मात्र वरचा रंग पाहून गाडी घेतली होती. भंगारवाल्याने 600 डॉलर दिले, नव्या गिअरबॉक्ससकट.

म्हणून विचारतो, आपल्या जीपच्या खाली शेवटचं कोण शिरलं होतं? आपल्याकडे समुद्र नाही, पण मोरचूद आहे. तीस वर्षं बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे, ड्रम मागच्या बाकांच्या मधे ठेवून आपण बागेत नेले. हिंदकळलेलं पाणी पत्र्यावरून कुठे जायचं? हुकाच्या डाव्या बाजूला आडव्या पट्टीवर तो हिरवट-निळा ओघळ मी लहानपणी नखाने खरवडायचो. मोरचूद लोखंड खातं, म्हणून तर आपण द्रावण प्लास्टिकच्या ड्रममध्ये कालवतो. आणि ट्रॉलीचा सगळा हिसका नेमका त्याच पट्टीवर येतो.

ट्रॉलीचा विषय निघालाच आहे तर अण्णा, रागावू नका. इथे 750 किलोच्या वर ट्रेलर गेली की तिला स्वतःचे ब्रेक लागतात. आपल्या ट्रॉलीत साठ क्रेट, म्हणजे 1,200 किलो माल, वर ट्रॉलीचं वजन. एकूण जीपपेक्षा जड, आणि ब्रेक फक्त जीपला. पाटाकडच्या उतारावर ट्रॉलीने आपल्याला ढकलत नेलं होतं, तो दिवस मी विसरलेलो नाही. मी सातवीत होतो. तुम्ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, आणि बांधाला घासून गाडी थांबल्यावर मला म्हणालात, "आईला सांगू नको." तर आई, आज सांगितलं.

माझं मत विचाराल तर असं. चेसिस धड निघाली तर इंजिन करा, त्याचे पैसे मी पाठवतो. बागेची उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकली आहे, ऑक्टोबर छाटणीपर्यंत जीप महिनाभर मिस्त्रींकडे पडली तरी अडणार नाही. पण क्रेट यापुढे ट्रॅक्टरने न्या, नाहीतर जीपमागे अर्धेच लावा. तुम्ही म्हणाल ओढायचं नाही तर जीप ठेवायची कशाला? गडावर जायला, चिखलात अडकलेला शेजाऱ्याचा टेम्पो काढायला, आणि तुम्हाला बसायला. छकुलीला मात्र शाळेत सोडायला नको. त्या आडव्या बाकाला पट्टा नाही, काही नाही. दादाला बोलेरो त्यासाठी हवी आहे, तो तसं बोलत नाही एवढंच. बोलेरोचं कर्ज मालाचा भाव बघून मार्चमध्ये ठरवा.

चेसिस गेली असेल तर इंजिनावर एक रुपयासुद्धा नको. तुकडा लावून वेल्डिंग मारू म्हणणारा कुणीतरी भेटेलच. हुकाच्या जागी तुकडा चालणार नाही.

दादा, एवढं कर. रविवारी जीप धुऊन घे, दोन्ही चाकांखाली दगड लाव, आणि छोटी हातोडी घेऊन खाली शीर. पुढून मागे दर वीतभर ठोकत ये. हुकाजवळ सावकाश. मोबाइल छातीवर ठेवून आवाज रेकॉर्ड कर आणि पाठव. लोखंड शाबूत असेल तर खणखणीत वाजेल, कुजलं असेल तर भद्द. अण्णांना जवळ उभं कर, त्यांनाही ऐकू दे.

तुमचा,
धाकटा