खुले पत्र : १९७१ च्या जनगणनेत असलेल्या, पण आजच्या मतदार यादीत नसलेल्या नागरिकाचे

प्रति,
माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील मतमूल्य, आणि त्यातील माझा हिस्सा.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका गावचा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. पस्तीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. यंदाच्या प्रजासत्ताक दिनी जुन्या शाळेने मुलांशी चार शब्द बोलण्यासाठी बोलावले, तेव्हा राष्ट्रपतींची निवडणूक हा विषय मी घेतला, कारण पाठ्यपुस्तकात तो चार ओळींत उरकलेला असतो. फळ्यावर महाराष्ट्राची लोकसंख्या लिहिली, तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागले, आलेल्या आकड्याला पुन्हा हजाराने भागले आणि उत्तर १७५ आले. आपल्या आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५, उत्तर प्रदेशातील आमदाराचे २०८, सिक्कीममधील आमदाराचे ७, असे सांगून मी खडू खाली ठेवणार, एवढ्यात नववीतील एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही आमदारांना मत दिलं, आमदारांनी राष्ट्रपतींना. मग त्या १७५ मध्ये तुमचं कुठं आहे?"

मला उत्तर देता आले नाही. विषय अवघड होता म्हणून नव्हे, तर मी आमदारांना मत दिलेलेच नाही म्हणून. ते का दिले नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. मतदान केंद्र आमच्याच शाळेत होते, ज्या खोलीत मी आठवी 'ब'चा वर्ग वर्षानुवर्षे घेतला त्याच खोलीत. बाहेरच्या टेबलावरील मुलांनी मोबाइलवर शोधले, आतल्या कर्मचाऱ्यांनी छापील यादीत बोट फिरवून पाहिले. माझे नाव नव्हते. त्याच पानावर पत्नीचे नाव होते आणि तिच्या नावाखाली 'पतीचे नाव' या रकान्यात माझे नाव स्वच्छ छापलेले होते. म्हणजे निवडणूक यंत्रणेच्या लेखी मी पती म्हणून अस्तित्वात आहे, मतदार म्हणून नाही. त्याच वर्षी ७ मे रोजी लोकसभेला याच केंद्रावर मी मत दिले होते, बोटावरची शाई जायला महिना लागला होता.

मधल्या काळात घडले ते एवढेच, की जूनमध्ये पुण्याला उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि व्यायामासाठी मी चार महिने मुलीकडे राहिलो. घरी दोन म्हशी असल्याने पत्नी गावीच थांबली. पडताळणीला आलेल्या माणसाने विचारले, "सर कुठं आहेत?" तिने खरे ते सांगितले, "पुण्याला, लेकीकडं." या चार शब्दांवर मी 'स्थलांतरित' ठरलो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते की तात्पुरत्या गैरहजेरीने कोणाचा सर्वसाधारण रहिवास संपत नाही, आणि कलम २२ सांगते की अशा कारणाने नाव वगळण्यापूर्वी त्या व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. ही कलमे आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतील कायद्याची आहेत, म्हणून आठवण करून देतो. मला संधी तर सोडाच, साधी चिठ्ठीही आली नाही.

त्यानंतर मी संबंधित कार्यालयात सहा खेपा घातल्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन नाही. बत्तीस पायऱ्या आहेत. नवा गुडघा बसवलेल्या माणसाला पायऱ्या मोजण्याची सवय लागते. पहिल्याच खेपेला तेथील साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि चारचौघांत शब्द दिला की पंधरा दिवसांत नाव येईल. त्याला वर्ष उलटून गेले. गेल्या आठवड्यात अर्जाचा निकाल कळला : नामंजूर, कारण 'नोंद आधीच अस्तित्वात आहे'. नोंद कोठे आहे, हे विचारण्यासाठी मी सातवी खेप घातली नाही. बहुधा पत्नीच्या नावाखाली असलेली तीच नोंद असावी.

आता आपण म्हणाल, हा यादीचा प्रश्न, त्यासाठी निवडणूक आयोग आहे, राष्ट्रपतींच्या निवडणुकीशी याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तोच मला मांडायचा आहे.

संविधान सभेत प्रा. के. टी. शाह यांनी राष्ट्रपती प्रौढ मतदानाने थेट निवडावेत अशी सूचना मांडली होती. ती मान्य झाली नाही. खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे ठेवायची आणि राष्ट्रपतींना मात्र साऱ्या देशाचा थेट कौल द्यायचा, यात विसंगती होईल, ही पंडित नेहरूंची भूमिका होती. मला ती आजही पटते. वर्गात मी तिची बाजूच मांडत आलो. परंतु अप्रत्यक्ष निवडणुकीचा अर्थ असा, की नागरिकाच्या हाती साखळीची एकच कडी राहते. आमदार आणि खासदार निवडण्यापुरताच त्याचा हात पोहोचतो, पुढचे सारे त्याच्या नावाने होते. ती एक कडी तोडली की त्याच्या नावाने काहीच होत नाही, फक्त त्याचे डोके मोजले जाते. आणि माझी गंमत अशी, की माझे डोके मोजलेले आहे.

संविधानाच्या कलम ५५ नुसार आमदारांचे मतमूल्य ठरवताना जी लोकसंख्या धरतात, ती १९७१ ची आहे. त्या जनगणनेच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. आमच्याच शाळेचे गुरुजी प्रगणक म्हणून आले होते. ओट्यावर घोंगडी अंथरली होती, आईने चहा ठेवला होता. आजी आजोबांचे नाव घेईना, म्हणून ते मी सांगितले, आणि गुरुजींनी विचारण्याआधीच स्वतःचे वयही सांगून टाकले. महाराष्ट्राच्या ज्या ५,०४,१२,२३५ माणसांवरून १७५ हा आकडा आला, त्यांत खाकी चड्डीतला तो मुलगा आहे, माझे आई-वडील आहेत, नवऱ्याचे नाव न घेणारी आजी आहे. ती तिघेही आज हयात नाहीत, तरी राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्यांचे वजन कायम आहे. माझ्या दोन्ही मुली मात्र त्यांत नाहीत, आणि तो प्रश्न विचारणारी नववीतली मुलगीही नाही.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. १९९१, २००१ आणि २०११ या तिन्ही जनगणनांत मी स्वतः प्रगणक होतो. २०११ च्या फेब्रुवारीत दहावीचे जादा तास सांभाळून मी वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या कोप्यांवर रात्री बॅटरी घेऊन गेलो, एका म्हातारबाबांचे वय ठरवण्यासाठी कोयनेच्या भूकंपापासून मागे मोजत बसलो. हे सारे करताना 'सर, ही मोजणी राष्ट्रीय कार्य आहे' असे आम्हांला प्रशिक्षणात बजावलेले होते. तीन वेळा केलेल्या या राष्ट्रीय कार्यातील एकही आकडा राष्ट्राच्या प्रमुखाच्या निवडणुकीत आजवर धरला गेलेला नाही.

हे कसे झाले, ते आपल्याला माहीत आहे, पण वाचकांसाठी लिहितो. १९७६ मध्ये, आणीबाणीत, ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि १९७१ चे आकडे २००० सालानंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवले गेले. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये, हा हेतू. मुदत संपत आल्यावर २००१ मध्ये ८४ वी घटनादुरुस्ती करून ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे आणि विद्यमान राष्ट्रपतींची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. एवढ्या थोड्या काळात आकडे हाती येऊन सर्व राज्यांचे मतमूल्य नव्याने ठरेल, यावर विश्वास ठेवण्याइतका भाबडेपणा माझ्यात उरलेला नाही. म्हणजे त्या उन्हाळ्यातही खाकी चड्डीतला मुलगा मोजला जाणार, आणि चौसष्ट-पासष्ट वर्षांचा माणूस दुसऱ्या मजल्यावर अडकलेला असणार.

मी प्रांताभिमानाने हे बोलत नाही. २०११ ची लोकसंख्या घेऊन मी घरी बसून आकडेमोड केली आहे. चूक आढळल्यास आपल्या मंत्रालयातील कोणीही ती दुरुस्त करावी. त्या हिशेबाने आमच्या आमदाराचे मत १७५ वरून ३९० वर जाते, उत्तर प्रदेशातील २०८ वरून ४९६ वर, केरळमधील १५२ वरून फक्त २३९ वर. देशाची लोकसंख्या या चाळीस वर्षांत साधारण २.२ पट झाली आणि महाराष्ट्राचे मतमूल्यही साधारण तेवढेच पट होते, तेव्हा आमच्या पदरात फारसे काही पडत नाही. केरळला मात्र नुकसान सोसावे लागेल, आणि ज्यांनी सरकारचे ऐकले त्यांना शिक्षा व्हावी असे मी म्हणणार नाही. पण मग तसे स्पष्ट सांगा. आम्ही माणसे मोजत नाही, राज्यांमधला जुना समझोता सांभाळतो, असे कलम ५५ मध्ये लिहा. 'पुढच्या जनगणनेपर्यंत' हा शब्दप्रयोग आम्हां शिक्षकांना ओळखीचा आहे. वेतनश्रेणीच्या बाबतीत आम्ही तो 'पुढच्या आदेशापर्यंत' या रूपात आयुष्यभर वाचला.

बरे, आमच्या वतीने मत देणारे ते तरी कसे देतात? २०२२ च्या निवडणुकीत ५३ मते बाद झाली, त्यांपैकी १५ खासदारांची होती. या मतपत्रिकेवर करायचे असते ते एवढेच, की आयोगाने दिलेल्या पेनने आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ हा आकडा लिहायचा. देवनागरीत लिहिला तरी चालतो. पहिलीच्या वर्गात हा आकडा गिरवून घेतात. ज्या खासदाराच्या मताचे मूल्य त्या वेळी ७०० होते, त्याला तो नीट लिहिता आला नसेल, तर मला काळजी वाटते. आणि मुद्दाम नीट लिहिला नसेल, तर जास्तच वाटते. यातले खरे काय, हे कळण्याची सोय नाही, कारण मतदान गुप्त आहे आणि पक्षादेश लागू होत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते. म्हणजे आमदाराने पक्षाला हिशेब द्यावा अशी तजवीज २००३ मध्ये कायद्याने केली, पण त्याने मतदाराला हिशेब द्यावा अशी तजवीज कोणत्याही निवडणुकीत केली नाही. २०१९ मध्ये आम्ही जी बटणे दाबली, त्यांतील कितींचा अर्थ जुलै २०२२ पर्यंत टिकला होता, हा प्रश्न महाराष्ट्राच्या माणसाला विचारू नये.

येथे एक विषयांतर करतो. १९६९ मध्ये पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मतमूल्य मिळाले नाही, म्हणून दुसऱ्या पसंतीची, म्हणजे ज्या उमेदवारापुढे २ हा आकडा लिहिला त्याची, मते मोजावी लागली. तशी वेळ आजवर एकदाच आली. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात चुरस होती आणि तिसऱ्या क्रमांकावर आपले सी. डी. देशमुख होते, १,१२,७६९ मतमूल्यासह. त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीने रेड्डी पहिल्या फेरीतील ३,१३,५४८ वरून ४,०५,४२७ पर्यंत चढले आणि तरी गिरी ४,२०,०७७ घेऊन जिंकले. हे गणित मी दरवर्षी वर्गात करून घ्यायचो. हरलेल्याला दिलेले मतही वाया जात नाही, पुढे जाऊन कामाला येते, हे मुलांना फार आवडायचे. अशी इतकी जपून बेतलेली पद्धत ज्यांनी दिली, त्यांनी यादीतून माणूस गळण्याची कल्पना केली नसावी.

आणि कोणी म्हणेल, गुरुजी, एवढा कळवळा असेल तर स्वतःच उभे राहा. तेही पाहिले. पंधरा हजारांची अनामत कशीबशी भरेन, पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक मिळणार नाहीत ती गोष्ट वेगळी. पण उमेदवारी अर्जाला मतदार यादीतील स्वतःच्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. राष्ट्रपतिपदाच्या वाटेवरही पुन्हा त्याच बत्तीस पायऱ्या आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. २०२७ ची निवडणूक कोणत्या जनगणनेवर घेणार, हे आपण संसदेच्या येत्या अधिवेशनात स्पष्ट सांगावे. १९७१ वरच घेणार असाल, तर त्याची कारणे सांगावीत आणि हे आणखी किती काळ चालणार तेही सांगावे. कलम २२ खाली नाव वगळताना त्या माणसाला लेखी सूचना पोहोचल्याचा पुरावा ठेवणे बंधनकारक करावे, आणि तसा पुरावा नसेल तर नाव आपोआप परत घ्यावे. माझ्या एकट्याच्या नावासाठी मी हे पत्र लिहीत नाही, असे लिहिणार होतो. पण खरे सांगायचे तर माझ्या नावासाठीही लिहीत आहे.

उत्तर टपालाने घरच्या पत्त्यावर पाठवावे. पत्ता १९७१ पासून बदललेला नाही. पोस्टमनने कदाचित विचारले तर पत्नी यापुढे "घरीच आहेत" एवढेच सांगेल, तसे मी तिला बजावून ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व माजी प्रगणक,
जिल्हा सातारा