उजवीकडे बसलेल्या काकूंना

आदरणीय काकू,

त्या दिवशी तुम्ही सरळ घरी गेला असतात तरी कुणी काही म्हटलं नसतं. आमचा ब्रिजमधला सहा नो ट्रम्पचा (हुकूम नाही आणि तेरापैकी बारा हात करायचे) डाव तुम्ही बुडवला होता, गुण तुमच्या खात्यात जमा झाले होते. मी भिडूला "नशीबच खराब" म्हणून मोकळा झालो होतो. ते तुमच्या कानावर गेलं असावं. सगळे डाव संपल्यावर तुम्ही मला शोधत आलात, चौघांची पानं पुन्हा मांडलीत आणि म्हणालात, "आता तू माझ्या खुर्चीत बस."

तो डाव मला आजही तोंडपाठ आहे. डमीत, म्हणजे भिडूच्या उघड्या मांडलेल्या पानांत, इस्पिक राणी, छक्की, चव्वी. बदाम एक्का, राजा, छक्की, तिर्री. चौकट राजा, सत्ती, पंजी. किलवर अठ्ठी, पंजी, दुर्री. माझ्याकडे इस्पिक एक्का, राजा, तिर्री; बदाम राणी, पंजी, दुर्री; चौकट एक्का, राणी, चव्वी; किलवर एक्का, राजा, सत्ती, चव्वी. उतारी इस्पिक गुलामाची. इस्पिक, बदाम, चौकटचे तीन-तीन आणि किलवरचे दोन, असे अकरा हात रोख. बारावा बदामात मिळेल म्हणून मी लगेच एकामागून एक तीन बदाम वाजवले. बाहेरची सहा पानं ३-३ वाटली जाण्याची शक्यता साधारण ३६ टक्के, ४-२ ची ४८. हे मला ठाऊक होतं, तरी वाजवले. ४-२ निघाले, चार तुमच्याकडे. मग किलवर एक्का, राजा आणि तिसरी किलवर. ती तुम्ही घेतलीत आणि बदाम गुलाम शांतपणे टेबलावर ठेवलात. एक हात कमी. आम्ही व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत) नव्हतो, म्हणजे ९९० च्या जागी उणे ५०. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये स्लॅमचं (बारा-तेरा हातांच्या बोलीचं) बक्षीस बोली पुरी केली तरच मिळतं. अकरा हात करून दाखवल्याचं कौतुक कुणाला?

तुमच्या खुर्चीत बसल्यावर तुमची पानं माझ्या हातात आली: बदाम गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, किलवर राणी, गुलाम, दश्शी, छक्की, तीन चौकट, दोन इस्पिक. डिक्लेअरर, म्हणजे बोली पुरी करायला खेळणारा, आता तुम्ही. उतारीचा इस्पिक हातात घेऊन तुम्ही दुसऱ्याच हाताला किलवर चव्वी खेळलात आणि डमीतून दुर्री टाकलीत. मी दश्शीने घेतलं, खूशही झालो. फुकटचा हात! मी इस्पिक परत केला. तिसऱ्या इस्पिकवर एक चौकट टाकून सुटलो. मग चौकट एक्का, चौकट राजा. आणि चौकट राणी.

तिथे मी थांबलो. हातात चार बदाम, तीन किलवर. बदाम टाकला तर डमीतली छक्की मोठी होते, किलवर टाकली तर तुमच्या हातातली सत्ती. सांभाळायची पानं सात, जागा सहांनाच. मी एक पान वर काढलं, परत खोचलं, दुसरं काढलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. (त्या न बोलण्याचे वेगळे आभार.) शेवटी वैतागून बदाम अठ्ठी टाकली आणि तुमचे बारा हात झाले.

स्क्वीझबद्दल, म्हणजे समोरच्याला हवं असलेलं पान टाकायला भाग पाडण्याबद्दल, मी त्याआधी वाचलं नव्हतं असं नाही. पण वाचताना नेहमी डिक्लेअररच्याच बाजूने वाचलं, त्यामुळे ती शेवटच्या चार पानांतली जादू वाटायची. पिळवटणं म्हणजे काय ते तुमच्या जागी बसून कळलं. आणि ती जादू दुसऱ्या हातालाच सुरू झाली होती, हेही. "बाराच हवेत ना? मग एक हरायचाच आहे. सगळीकडे तुझी थोप आहे तोवर हरून घे," हे तुमचं वाक्य (थोप म्हणजे समोरच्याचा रंग अडवणारं मोठं पान). मी तोच हात शेवटी हरलो, तेव्हा तुमचा बदाम गुलाम वाट बघत बसला होता. शिवाय किलवर ३-३ असती तर सत्ती आपोआपच मोठी झाली असती. आधी हरल्याने ती संधीही हातची जात नव्हती.

हे पत्र आज लिहायचं कारण असं, की मागच्या आठवड्यात माझ्याकडून पहिल्यांदा व्हिएन्ना कू झाला, म्हणजे स्क्वीझ जमावा म्हणून आपलं मोठं पान आधीच वाजवून बाहेरचं पान मोठं करून देणं. डमीत बदाम एक्का, राणी माझ्या हातात, राजा बाहेर. मी एक्का आधीच वाजवून टाकला. डमीचं काम गप्प बसण्याचं, म्हणून भिडू बोलला नाही, पण त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. बाहेरचा राजा मी स्वतः मोठा करून दिला होता ना! मग हुकमाचं शेवटचं पान खेळलो. डावीकडच्या खेळाडूने एक पान वर काढलं, परत खोचलं, दुसरं काढलं.

मीही काही बोललो नाही.

तुमचा,
दक्षिणेला बसलेला