कुत्र्याच्या पंजाला माणसाचं मलम लावू नका

संपादक महोदय,

पावसाळ्यात पंजे चाटून चाटून लाल केलेली कुत्री घरोघर दिसतात आणि मग कपाटातली नायट्याच्या मलमाची ट्यूब बाहेर निघते. ते मलम कृपा करून लावू नका. अशा अनेक मलमांत क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. लाली तात्पुरती उतरते, पण त्वचा पातळ होते, आतला जंतुसंसर्ग बळावतो आणि जे चाटलं जातं ते थेट पोटात जातं. पुढे डॉक्टरांनाही मूळ दुखणं ओळखणं अवघड होतं. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती सर्रास मिळतात. औषध विक्रेत्यांनी निदान ‘कुत्र्यासाठी हवंय’ म्हणणाऱ्याला तरी ती देऊ नयेत.

सांधेदुखीचं डायक्लोफेनॅक जेल याहून वाईट. त्याने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मालकाच्या गुडघ्याला लावलेलं जेल चाटलं तरीही धोका असतोच. सोरायसिसच्या कॅल्सिपोट्रायॉल मलमाची तर थोडी मात्राही जिवावर बेतते. असं काही चाटलं गेलं तर ट्यूब सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका.

कुत्रा नेमकं कुठे चाटतो, ते आधी पाहा. एकच पंजा असेल तर बोटांच्या बेचक्यात कुसळ, काच किंवा वाढून रुतलेलं नख शोधा. कुसळ कातडीखाली शिरून आत सरकतं, वरून फक्त छोटी पुळी दिसते. दोन्ही पुढचे पंजे, सोबत कान आणि काखाही खाजत असतील तर बहुधा ॲलर्जी. लॅब्राडोर, पग, शित्झूंमध्ये ती फार. शेपटीच्या बुडाशी चावत असेल तर पिसवा. ढुंगण घासत चालत असेल तर गुदग्रंथी तुंबल्या असाव्यात. फरशी, भिंत, सोफा चाटत सुटलेल्या कुत्र्याला आपण ‘वेडा’ म्हणतो, पण अनेकदा त्याला मळमळत असतं, पोटाचा आजार असतो. मनगटावर एकाच जागी चाटून जाड, केस गेलेला गड्डा झाला असेल तर आत खोल संसर्ग असतो, कधी खालचा सांधाही दुखत असतो. त्याला प्रतिजैविकं कित्येक आठवडे द्यावी लागतात. चार दिवसांत गोळ्या थांबवल्या की गड्डा परत येतो.

पंजांची निगा मात्र घरीच होते. फिरून आल्यावर साध्या कोमट पाण्याने पंजे धुवा आणि बोटांच्या मधली जागा सुती फडक्याने पूर्ण कोरडी करा. बहुतेक जण इथेच चुकतात: धुतात, पण ओल तशीच राहते आणि तिथे यीस्ट नावाची बुरशी माजते. तेव्हा पंजाला आंबूस वास येतो. पांढऱ्या केसांवरचा तांबूस रंग लाळेचा असतो. तळव्यांमधले केस कापून ठेवा. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू दिला असेल तर फेस 10 मिनिटं राहू द्या, नाहीतर औषधाचा उपयोग होत नाही. मोजा घालून वर रबरबँड लावू नका, पाय सुजतो. त्यापेक्षा नाकाच्या टोकापुढे येईल एवढी शंकूसारखी कॉलर घाला. आखूड कॉलर निरुपयोगी.

गोचीड-पिसवांसाठी रॉकेल किंवा गुरांचं औषध अंदाजाने पातळ करून लावणंही बंद व्हायला हवं. वजनानुसार गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब घ्या आणि किमान तीन महिने चालू ठेवा, कारण पिसवांची अंडी आणि कोष घरातच, गादीच्या शिवणीत राहतात. घरात मांजर असेल तर थेंब निवडण्याआधी डॉक्टरांना सांगा. कुत्र्याच्या काही थेंबांतलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला मारू शकतं.

अन्नाची ॲलर्जी तपासायची तर आधी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन, म्हणजे एखाद्याच प्रकारचं मांस किंवा मासा, आठ आठवडे द्यावं लागतं. त्या काळात आजीने हळूच दिलेलं एक बिस्किटही सगळी मेहनत वाया घालवतं, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

– एक पशुवैद्यक, पुणे