सुध्या, ब्रेकवर तुझा पाय नव्हता

वर्तकनगर, ठाणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. दिवाळीला पणतीचा फोटो ढकलला, तो जमेत धरू नकोस. आजचं मात्र फोनवर बोलणं जमलं नसतं. दोनदा तुझा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. तब्येत ठीक. साखर थोडी वर, गोळी चालू. आईचे गुडघे होते तसेच.

फियाट घरी आणली, हे वश्याने सांगितलं असेलच. कोलशेतची मामांची जागा बिल्डरकडे गेली, शेड पडणार होती. मामीचा निरोप आला : गाडी न्या, नाहीतर भंगारवाला वजनावर मागतोय. गेलो तर टपावर चिंचेचा पाला, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. आणि डावा मडगार्ड तसाच, आत चेपलेला. त्या मडगार्डपाशी मी बराच वेळ उभा होतो. भंगारात घालायला मन धजेना. एप्रिलमध्ये टोइंगवर चढवून आमच्या बिल्डिंगखाली आणली.

मला यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. मला वाटलं, नवी बॅटरी लावावी, पेट्रोल ओतावं, चावी फिरवावी. कळव्याच्या मिस्त्रींनी हात धरला. म्हणाले, आत गंज असेल तर पिस्टन सिलिंडरला धरलेला असतो, जोर लावलास तर रिंगा तुटतील. मग चारी प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं थोडं तेल सोडलं आणि तीन दिवस तसंच मुरू दिलं. चौथ्या दिवशी पुढच्या पुलीवर पाना लावून हळूहळू जोर दिला, आणि सुध्या, ते इंजिन फिरलं! १०८९ सीसी, १९७१ चं, एकोणतीस वर्षं न हललेलं, आणि पान्याखाली लोण्यासारखं फिरलं.

पेट्रोलची टाकी मात्र भयंकर निघाली. जुनं पेट्रोल वाळून तळाला लाखेसारखं घट्ट बसलं होतं, वर गंजाची पूड. तसंच चालू केलं असतं तर सगळं कार्बोरेटरमध्ये गेलं असतं. टाकी उतरवून धुतली, पंपाचा डायफ्राम बदलला. नळ्या बदलताना दुकानदाराला मुद्दाम विचारून घेतल्या, कारण आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुन्या रबराला ते फुगवतं आणि चिरतं. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडला किती चकरा झाल्या ते मोजलं नाही. ज्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात ही गाडी जन्मली, तिथेच तिच्यासाठी भंगारात हात घालत फिरताना कसंतरी होत होतं. फियाट टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, तेव्हापासून माल आटत चाललाय म्हणतात.

ऑगस्टमध्ये ती सुरू झाली. तोच आवाज, शिलाई मशिनसारखा. आई गॅलरीत आली आणि वरून म्हणाली, "अण्णा आले वाटलं." त्या दिवशी तुला फोन करायला हवा होता. केला नाही, त्याचं कारण तुला माहीत आहे. या गाडीचं नाव काढलं की आपल्या दोघांत काय येतं, ते एकोणतीस वर्षं तसंच पडून आहे. वश्याच्या लग्नात बुंदीच्या ताटावर आपण पुन्हा तेच उकरलं होतं आणि त्याच्या सासऱ्यांना वाटलं हुंड्यावरून चाललंय!

आता मुद्द्यावर येतो.

इंजिन झालं, की ब्रेक. मिस्त्री म्हणाले, चालणारी गाडी थांबली नाही तर ती सुरू करून उपयोग काय. चारी ड्रम उघडले. आतून ड्रमला घासणारे लायनर जळून काळेकुट्ट, काचेसारखे चकचकीत. हे अपेक्षित होतं, अण्णांच्या त्या वेळच्या मेकॅनिकने हेच तर सांगितलं होतं : "पोराने पूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरवलाय." मग मास्टर सिलिंडर, पेडलचा दाब चाकांकडे ढकलतो तो, उघडला. आतलं रबर बाहेर निघेना. चिमट्याने ओढून काढलं, तर नव्या रबराशेजारी ठेवल्यावर दीडपट जाड, फुगलेलं, बोटाने दाबलं तर लिबलिबीत. मिस्त्रींनी ते नाकाशी नेलं. काही बोलले नाहीत. एका वाटीत पाणी घेतलं आणि आतला द्रव चमचाभर त्यात टाकला. पाण्यावर तवंग आला.

सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नसतंच रे. ते ग्लायकॉल असतं, पाण्यात मिसळून जातं. तेल तरंगतं. म्हणजे ब्रेकच्या टाकीत कोणीतरी खरं तेल ओतलं होतं. त्या तेलाने रबर फुगतं. फुगलेलं रबर परतीचं बारीक भोक बुजवतं, मग पाय उचलला तरी ब्रेक सुटत नाही. चाकं धरलेलीच राहतात, ड्रम तापत जातात, लायनर जळतात. शेवटी त्या उष्णतेने आतला द्रव उकळतो, पेडलखाली नुसती वाफ राहते आणि पाय फळीपर्यंत जातो.

त्या रविवारी येऊरच्या डोंगरावर चढताना तू म्हणाला होतास, "नंद्या, गाडी ओढत नाहीये, कोणीतरी मागून धरल्यासारखी वाटते." वश्या म्हणाला, चार जणांचं वजन आहे. मी म्हणालो, चढ आहे. वर पोचल्यावर मक्याची कणसं खाताना वास येत होता, तो आपण शेगडीचा समजलो. तू पाय ठेवून आणलंस म्हणून वास आला नव्हता, वास चढतानाच होता! एकोणतीस वर्षं तू हेच सांगत होतास.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र. डिकीत स्टेपनीखाली एक डबा सापडला. गंजलेला, अर्धा रिकामा. जॅकमध्ये घालायचं तेल. त्यावर मोठ्या अक्षरांत हायड्रॉलिक लिहिलेलं.

तो मी ओतला, सुध्या. त्याच आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी. बॉनेट उघडून मी शहाणपणा करत होतो. ब्रेकची टाकी खाली गेलेली दिसली. ब्रेक हायड्रॉलिक असतात एवढं कुठेतरी वाचलेलं होतं, डब्यावर हायड्रॉलिक लिहिलेलं होतं, काठोकाठ भरली. तू चहा आणायला गेला होतास. आल्यावर मी तुला सांगितलंही नाही, इतकं ते मला किरकोळ वाटलं होतं. पुढे विसरलो, अगदी खरंच विसरलो. लपवलं नव्हतं, एवढं माझ्यावर विश्वास ठेव. पण डबा हातात घेतल्याबरोबर ती संध्याकाळ जशीच्या तशी उभी राहिली, टाकीच्या झाकणासकट.

त्या दिवशी तू तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणि मग पहिल्यावर गिअर टाकत गाडी आणलीस आणि मुद्दाम डाव्या बांधावर घातलीस. खाली उपवन तलावावर श्रावणातल्या रविवारची गर्दी होती. आपण चौघं आणि खालचे कितीतरी तुझ्या डोक्याने वाचलो. आणि घरी आल्यावर अण्णा तुला जे बोलले, ते मी दारात उभा राहून ऐकलं. वर मीही म्हणालो, "सांगत होतो याला, ब्रेकवरचा पाय काढ." असं मी म्हणालोच नव्हतो कधी. गाडीत एकदाही नाही. त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस, नागपुरात इतकी वर्षं स्कूटरवर काढलीस. त्याच वर्षी मार्चमध्ये वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला अझरने टॉस जिंकून फिल्डिंग घेतली ते बरोबर की चूक, यावर आपण पंधरा दिवस बोललो नव्हतो, आणि ते मिटलं एका मामलेदारच्या मिसळीवर. हे मात्र मिटलं नाही, कारण मिटवायचं ज्याने, त्यालाच आपण चुकलोय हे माहीत नव्हतं.

अण्णांना आता काय सांगू? ते तुझंच नाव मनात धरून गेले. शेवटच्या आजारपणात तू भेटायला आलास तेव्हा, "गाडी चालवतोस का अजून?" असं त्यांनी विचारलं होतं. तू नुसतं हसलास. मला ते हसणं गेले पंधरा दिवस झोपू देत नाही.

आईला सांगितलं. सोमवारी, ती भाजी निवडत होती तेव्हा. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी त्याचं पान वाढलेलं होतं. तो तसाच गेला." परत मेथी निवडायला लागली.

तुझ्या प्रियाला पुण्यात प्रवेश मिळाला, अभिनंदन. वहिनींची बदली झाली का? तुझी पाठ कशी आहे ते लिही. काकांचं ऑपरेशन नीट झालं हे वश्याकडून कळलं, बरं वाटलं.

गाडीचं अजून थोडं. सोसायटीतले लोक सांगतात, मारुतीचं इंजिन बसव, डिस्क ब्रेक बसव, कटकट संपेल. मी नाही करणार. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच व्हिंटेज म्हणून नोंदते, आणि नियम नसता तरी मी केलं नसतं. अण्णांच्या नावावरून माझ्या नावावर करण्याचे कागद चालू आहेत. नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षांसाठी. रोज फिरवता येणार नाही, रॅली, प्रदर्शन आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच. ते पुरे आहे. मडगार्ड ठोकून सरळ करायला मिस्त्री तयार आहेत, मी थांबवलंय. तो तू घातलेला पोचा आहे, काढायचा की ठेवायचा ते तू सांग.

ब्रेकचं सगळं रबर, सगळे होज टाकून दिले. लोखंडी नळ्या स्पिरिटने धुतल्या. एक थेंब तेल राहिलं तरी नवं रबर पुन्हा फुगेल, म्हणून मी तीनदा धुतल्या. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर नव्या किटने बांधून झाले. नवा द्रव सीलबंद डब्यात आणलाय, उघडा ठेवला की तो हवेतलं पाणी ओढतो. फक्त नळ्यांतली हवा काढायची राहिली. ती मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरू करतात, आणि एकट्याला होत नाही. एकाने खाली झोपून निपल, म्हणजे हवा जायचा छोटा स्क्रू, सोडायचं, दुसऱ्याने वर बसून पेडल मारायचं आणि सांगेपर्यंत दाबून धरायचं. मिस्त्री म्हणाले, माझा पोरगा येईल. मी म्हटलं, थांबा.

डिसेंबरमध्ये ये. निपल मी सोडतो, ड्रायव्हरच्या सीटवर तू बस. चप्पल घालून येऊ नकोस, पेडलवरून सटकते.

तुझा
नंद्या

ता.क. जेवायलाच ये असं आईने तीनदा सांगितलंय. रात्रीची गाडी पकड, सकाळी स्टेशनवर घ्यायला येतो, रिक्षाने.