उचललेला कोड एकदा मराठी फोनवर चालवून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चादरी-टॉवेलच्या ठोक व्यापाऱ्यांपासून खासगी क्लासपर्यंत अनेकांची ॲप आणि त्यामागचे सर्व्हर आता सोलापुरातलीच मुले बनवतात. लॉगिन, बिल, ऑर्डर, पेमेंट ही कामे सगळीकडे तीच, त्यामुळे कोडचे तयार तुकडे, म्हणजे स्निपेट, एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात जातात. त्यात गैर काही नाही. नव्याने घाईत लिहिण्यापेक्षा पारखलेला तुकडा वापरणे केव्हाही बरे. पण तुकडा पुढे जातो आणि त्याची चाचणी मागेच राहते. शिवाय इंटरनेटवरून किंवा एआयकडून मिळालेला बराचसा कोड मराठी भाषा लावलेला फोन, भारतीय वेळ किंवा आपला जीएसटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नसतो.

सगळ्यात फसवी चूक अंकांची आहे. अँड्रॉइडवर रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायला 'स्ट्रिंग.फॉरमॅट' ही तयार आज्ञा सर्रास वापरतात. त्याला भाषा सांगितली नाही, तर ते फोनची भाषा धरते. फोन इंग्रजी, हिंदी, कन्नड किंवा तेलुगूत असेल तर इंग्रजी अंक येतात. मराठीत असेल तर देवनागरी येतात, कारण युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संगणकीय मानकाच्या भाषाविषयक माहितीत मराठीचे नेहमीचे अंक देवनागरीच आहेत. पडद्यावर '४५०.००' छान दिसते, पण सर्व्हरवर जावास्क्रिप्ट या भाषेचे 'नंबर' त्याला संख्याच मानत नाही. पायथन ही भाषा ते वाचते. जावा भाषेचे 'पार्सइंट' देवनागरी पूर्णांक वाचते, 'पार्सडबल' मात्र तिथेच पडते. म्हणून एका सर्व्हरवर वर्षभर नीट चाललेला तुकडा दुसऱ्यावर पहिल्याच दिवशी कोसळतो, आणि इंग्रजी फोन वापरणाऱ्या डेव्हलपरला तो दोष कधी दिसतच नाही. सर्व्हर, डेटाबेस किंवा फाइलच्या नावात जाणाऱ्या प्रत्येक संख्येला आणि तारखेला 'लोकेल.रूट', म्हणजे कोणत्याही भाषेशी न बांधलेली मांडणी, द्यावे. पडद्यावर दाखवण्याचा कोड वेगळा ठेवावा. मराठी कीबोर्डवरून टाकलेला मोबाइल क्रमांकही देवनागरीत येऊ शकतो. हे दहा अंक युनिकोडमध्ये सलग असल्याने ते बदलून घेणे चार ओळींचे काम आहे.

रक्कम कधीही दशांश संख्येत साठवू नये. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ मिळत नाही. पूर्णांकात पैसे साठवावेत: ३४९ रुपये म्हणजे ३४९०० पैसे. या ३४९ रुपयांवर ५ टक्के जीएसटी १७.४५ रुपये होतो. पण राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर तो केंद्र आणि राज्य असा निम्मा-निम्मा लागतो, प्रत्येकी ८.७२५. दोन्ही पूर्ण पैशात आणले की ८.७३ अधिक ८.७३, म्हणजे १७.४६. एका तुकड्याने एकूण कर आधी काढला आणि दुसऱ्याने दोन भागांची बेरीज केली, की बिल आणि हिशेब यांत एका पैशाचा फरक पडतो. दोन्ही भाग वेगळे काढून त्यांचीच बेरीज घ्यावी. माल कर्नाटकात विजयपूर किंवा कलबुर्गीला गेला तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा एकत्रित कर, लागतो, त्यामुळे पुरवठ्याचे राज्य हे त्या फंक्शनला द्यायलाच हवे. करदर तर कोडमध्ये लिहूच नयेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा टप्पा निघाला, तेव्हा ज्या ॲपमध्ये दर कोरलेला होता त्याला प्रत्येक फोनवर नवी आवृत्ती पोहोचेपर्यंत थांबावे लागणार हे उघड होते. दर सर्व्हरच्या तक्त्यात, 'कधीपासून लागू' या तारखेसह असावेत. जुने बिल पुन्हा छापताना जुनाच दर यायला हवा.

रेंज नसताना विनंती पुन्हा पाठवणारा तुकडा सर्वांत जास्त नक्कल होतो आणि सर्वांत जास्त नुकसानही तोच करतो. ग्राहकाने बटण दाबले, सर्व्हरने ऑर्डर नोंदवली, पण उत्तर परत येताना नेटवर्क गेले. ओकेएचटीटीपी ही सर्व्हरशी बोलणारी तयार कोडची लायब्ररी मुळात उत्तरासाठी १० सेकंद थांबते, मग ॲप तीच ऑर्डर पुन्हा पाठवते आणि टॉवेलचे दोन गठ्ठे रवाना होतात. यावर उपाय असा: पहिल्या प्रयत्नाआधी फोनने एक यूयूआयडी, म्हणजे सहसा पुन्हा न येणारा ओळखक्रमांक, तयार करून साठवावा आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवावा. डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तेच मूल्य दुसऱ्यांदा घालू न देणारे बंधन, हवे. 'आधी शोधा, नसेल तर घाला' एवढ्याने भागत नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही काहीच सापडत नाही. इंडेक्सने दुसरी नोंद अडवली की सर्व्हरने पहिल्या ऑर्डरचेच उत्तर द्यावे. प्रयत्नांमध्ये १, २, ४, ८ सेकंद आणि वर थोडा यादृच्छिक वेळ ठेवावा, नाहीतर नेटवर्क परत येताच सगळे फोन एकदम सर्व्हरवर तुटून पडतात. सर्व्हरकडून ४०० (विनंती चुकीची) किंवा ४०१ (ओळख पटली नाही) असे उत्तर आले तर पुन्हा पाठवू नये. चूक विनंतीतच आहे, दहा वेळा पाठवून ती सुधारणार नाही.

पेमेंट झाल्याचा वेबहुक, म्हणजे पेमेंट कंपनीने आपल्या सर्व्हरला आपोआप पाठवलेला निरोप, हाही दोनदा येऊ शकतो, त्यालाही हाच नियम. त्याची डिजिटल सही मूळ मजकुरावरच तपासावी. जेसन (माहिती पाठवण्याचा मजकुरी साचा) उलगडून पुन्हा बांधले की मोकळ्या जागा बदलतात आणि खरी सहीही खोटी ठरते. सही तपासायची गुप्त की (किल्ली) ॲपमध्ये ठेवणे म्हणजे ती वाटून टाकणे, कारण एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, कोणीही उघडून पाहू शकतो.

वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, साठवणे बरोबर आहे, पण दिवसाचा अहवालही यूटीसीनेच काढला तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची आवक आदल्या दिवसात जाते. कांद्याच्या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपला हे अजिबात चालणार नाही. नाव अक्षरे मोजून तोडणारा तुकडाही तपासावा. 'सिद्धेश्वर' या शब्दात संगणकाला १० घटक दिसतात, आठव्यावर तोडले तर शेवटी 'श'चा पाय मोडून लटकतो. 'कोऱ्या' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो, त्यामुळे शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणावे लागतात.

परवान्याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरील उत्तरे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा या परवान्याखाली असतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर परवाना नसलेला कोड सगळ्यांना दिसतो, पण वापरायला मोकळा नसतो. उचललेल्या तुकड्याच्या डोक्यावर स्रोताचा पत्ता आणि तारीख लिहिणे एवढे तरी व्हावे.

शहरातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांना विनंती आहे, की त्यांनी मिळून अशा तुकड्यांचा एक खुला संग्रह सुरू करावा. एका फाइलमध्ये एकच फंक्शन, शेजारी त्याची चाचणी, आणि वर चार ओळी: काय घेते, काय देते, कुठे चुकते, कोणत्या आवृत्तीवर तपासले. चाचणीत एक तरी मराठी फोनचे, एक रात्री साडेबाराचे आणि एक दुहेरी विनंतीचे उदाहरण असावे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये या चाचणीला स्वतंत्र गुण ठेवावेत. सुरुवातीला रक्कम, तारीख, मोबाइल क्रमांक आणि पुन्हा पाठवायची विनंती एवढे चार तुकडे पुरेत.

आपले,
सोलापुरातील काही ॲप व बॅकएंड डेव्हलपर